‘ग्राउंड म्हटलं की तिच्या पोटात दुखतं’

परभणीहून एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्रातला मुख्य मजकूर असा :

“माझी मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावीला. उंची ५ फूट १ इंच, वजन ८४ किलो. सुट्टीत आमच्या भागातल्या ग्राउंडवर सकाळचं व्यायाम शिबिर लागलं, तर दोन महिन्यांची फी एकदम भरली. आठ-दहा दिवस गेली. मग रोज सकाळी कधी पोट दुखतं, कधी डोकं. एकदा तर ग्राउंडला म्हणून निघाली आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन बसली. सर म्हणतात तिचं मनच नाही, आळस आहे. तिचे पप्पा म्हणतात पैसे पाण्यात गेले, आता कान धरून नेतो. सासूबाई म्हणतात, लेकरू खात्यापित्या घरचं आहे, उगं मागं लागू नका, वयात आली की झडेल आपोआप. विचारलं तर बोलत नाही, नुसती रडते. तिची मानही काळी पडलीय, किती घासली तरी निघंना. ताई, जबरदस्तीनं पाठवू का राहू देऊ?”

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. त्या शिबिराला जबरदस्तीनं पाठवू नका. आणि व्यायामही सोडू देऊ नका. या दोन गोष्टी तुमच्या घरात एकच होऊन बसल्यात, त्या आधी वेगळ्या करा. तुमच्या लेकीला व्यायाम नको झालाय असं तुमच्या पत्रातून मला कुठंच दिसत नाही. तिला ते ग्राउंड नको झालंय. आळशी पोरगी सकाळी उठून, तयार होऊन, घरातून निघून मैत्रिणीकडे बसायला जात नाही. ती अंथरुणातच राहते. ही पोरगी उठली, बूट घातले, दारापर्यंत आली, आणि तिथून पुढं तिचा पाय निघंना.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जाड मुलं-मुली माझ्याकडे गुडघा, पाठ, टाच दुखते म्हणून येतात आणि दोन-तीन भेटींनंतर हळूहळू खरं बोलायला लागतात. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी एकमेकांशी इतक्या जुळतात की तुमच्या लेकीचं काय झालं असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. तरी तो अंदाजच. खरं काय ते तिच्याकडूनच कळेल. कसं विचारायचं तेही सांगते.

शिबिराचा पहिला दिवस बहुतेक वजनकाट्यानं सुरू होतो. ओळीत उभं करायचं, एकेकानं काट्यावर चढायचं, एक जण आकडा मोठ्यानं सांगणार आणि दुसरा रजिस्टरात लिहिणार. ‘चौऱ्याऐंशी’ हा आकडा मैदानावर मोठ्यानं उच्चारला गेला की त्या पोरीचं शिबिर तिथंच संपलेलं असतं. पुढचे दिवस ती नुसती येते. मग ग्राउंडच्या फेऱ्या. सगळ्यांनी पाच फेऱ्या मारायच्या. बाकीच्यांच्या पाच होतात तेव्हा हिची तिसरी चालू असते. आता सगळे घाम पुसत, पाणी पीत उभे आणि त्यांच्यासमोरून ती एकटी धावतेय. एखादे सर चांगल्या मनानं म्हणतात, “टाळ्या वाजवा रे तिच्यासाठी!” सरांना वाटतं हुरूप येईल. त्या टाळ्या मुलांना कशा लागतात ते मला कितीतरी मुलांनी सांगितलंय. ती हसून दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट दुखतं. ते पोट खरंच दुखतं हो. भीतीनं पोटात कळ येते, मळमळतं. त्याला नाटक म्हणू नका.

यात पुन्हा खेळासाठी संघ पाडताना शेवटी उरणं आहे, ‘ढोली’, ‘म्हैस’ अशी नावं आहेत, आणि मुलींच्या वाट्याला याहून जास्त काहीतरी आहे. पंधरा वर्षांची भरलेल्या अंगाची पोरगी धावते तेव्हा तिला छातीची लाज वाटते, टी-शर्ट वर सरकतो तो ती दर चार पावलांनी खाली ओढते, आणि ग्राउंडच्या कडेला मोटारसायकलवर बसलेली पोरं तिला दिसत असतात. मुलांचंही वेगळं नाही. माझ्याकडे एक पोरगा यायचा, तो ऐन मे महिन्यात जर्किन घालून यायचा. घामानं निथळायचा, पण चेन खाली करायचा नाही. छातीवरची चरबी दिसते आणि वर्गातली पोरं तिथं चिमटे काढतात म्हणून. त्याच्या वडिलांना वाटत होतं पोराला फॅशनची हौस आहे.

आता शरीराचं सांगते, कारण तुमच्या यजमानांना आणि त्या सरांना ते कळणं गरजेचं आहे. तुमच्या मुलीच्या उंचीच्या ५५ किलोच्या पोरीच्या पाठीवर ज्वारीचं २९ किलोचं पोतं बांधा आणि तिला पाच फेऱ्या मारायला लावा. तुमची लेक ते ओझं रोज घेऊनच धावते. दोघी एकाच वेगानं चालल्या तरी जड अंगाला जास्त प्राणवायू लागतो. बारीक मुलीला ज्या वेगात गप्पा मारता येतात त्या वेगात तुमची लेक तिच्या ताकदीच्या शेवटच्या टोकाशी पोचलेली असते. म्हणजे त्या मैदानावर सगळ्यांत जास्त मेहनत बहुतेक तीच करत होती आणि आळशी हा शिक्काही तिच्यावरच बसला. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात जातो, सकाळी आठलाच अंग भाजायला लागतं. जाड शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून अशा मुलांना उन्हात चक्कर, डोकेदुखी, मळमळ लवकर होते. तिचं डोकं खरंच दुखत असण्याची पुरेपूर शक्यता आहे.

आणखी एक गोष्ट, जी लेकरं आईलाही सांगत नाहीत : मांड्या घासतात. धावून धावून आतल्या बाजूला कातडी सोलवटते, घाम लागला की आग होते, दुसऱ्या दिवशी पाय फाकवून चालावं लागतं. तिला बाजूला घेऊन विचारा. गुडघ्यापर्यंतची सुती-लायक्राची सायकलिंग शॉर्ट आतून घालायची, व्यायामाआधी मांड्यांना व्हॅसलीन लावायचं, आणि आधार देणारी स्पोर्ट्‌स ब्रा घ्यायची. टी-शर्ट अंगाला चिकटणार नाही असा आणि लांब. या खरेदीला शिबिराच्या फीपेक्षा कमी पैसे लागतील आणि उपयोग जास्त होईल. बूट मात्र मऊ तळव्याचे हवेत, शाळेचे काळे बूट चालणार नाहीत.

आता मानेचं. ताई, ती मान घासू नका. बेसन, लिंबू, दगड, काहीच नको. तो मळ नाही. मान, काख, जांघ इथली कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होणं ही बऱ्याचदा शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. ‘अकँथोसिस निग्रिकन्स’ असं डॉक्टर म्हणतात. मुलीला ‘नीट अंघोळ कर’ म्हणून कुणी बोललं असेल तर तिला आजच सांगा की यात तिच्या स्वच्छतेचा काही दोष नाही. आणि या महिन्यातच तिला बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. ‘वयात आली की झडेल’ हे सासूबाईंचं म्हणणं मायेचं आहे, पण त्यावर थांबू नका. या वयातला लठ्ठपणा बहुतेक मुलांत पुढं मोठेपणीही राहतो. उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी, यकृताची तपासणी आणि रक्तदाब एवढं तरी झालं पाहिजे. थायरॉईडची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील. पाळी नियमित येते का, हनुवटीवर केस येताहेत का, रात्री मोठ्यानं घोरते का, दिवसा वर्गात डुलक्या लागतात का, हे तुम्ही सांगा, कारण ती सांगणार नाही. व्यायाम करताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडली, किंवा गुडघा-जांघ दुखून लंगडायला लागली तर तिथंच थांबवायचं. लंगडण्याचं तर फार मनावर घ्या. जाड किशोरवयीन मुलांत मांडीच्या हाडाचं वरचं डोकं जागेवरून सरकू शकतं, आणि दुखतो मात्र गुडघा. घरचे तेल चोळत बसतात. त्याला खुब्याचा एक्स-रे लागतो, तोही त्याच दिवशी.

डॉक्टरांकडे जाताना एक विनंती करा : वजन बंद खोलीत घ्या आणि आकडा कागदावर लिहा. आणि डॉक्टरांनी बोलायचं ते तिच्याशी, तिच्या डोक्यावरून तुमच्याशी नको.

मग व्यायाम कोणता? इथं मला खूप काही सांगायचंय, कारण आपल्याकडे वजन कमी करणं म्हणजे पळणं एवढंच समीकरण लोकांच्या डोक्यात आहे, आणि जाड मुलांना सगळ्यांत अवघड जाणारी गोष्ट पळणं हीच आहे. ज्यात ते हमखास शेवटी येणार तेच त्यांच्यापुढं पहिल्यांदा ठेवायचं आणि मग मन नाही म्हणायचं! या मुलांच्या अंगात नुसती चरबी नसते. रोज एवढं वजन पेलून त्यांचे पायाचे, पाठीचे स्नायूही वाढलेले असतात. वजन उचलायला, ढकलायला, ओढायला सांगितलं तर ती बारीक मुलांच्या बरोबरीनं आणि पुष्कळदा पुढंच असतात. तो जर्किनवाला पोरगा. त्याच्या हातात पहिल्यांदा वजन दिलं तेव्हा शेजारच्या किडकिडीत कॉलेजकुमाराला न उचलणारं वजन त्यानं सहज वर नेलं, आणि मग आपल्याच दंडाकडे बघत राहिला. पुढच्या वेळेला जर्किनची चेन अर्धी उघडी होती.

यामागं अभ्यासही आहे. कॅनडातल्या ओटावा इथं १४ ते १८ वर्षांच्या ३०४ लठ्ठ मुलामुलींचे गट करून २२ आठवडे वेगवेगळा व्यायाम दिला होता. २०१४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला पळण्यासारखा दमश्वासाचा व्यायाम, एकाला वजनं, एकाला दोन्ही आणि एकाला व्यायामाशिवाय नुसता आहाराचा सल्ला. आहाराचा सल्ला सगळ्यांनाच होता. व्यायामाच्या तिन्ही गटांत अंगातल्या चरबीचं प्रमाण नुसत्या सल्ल्याच्या गटापेक्षा जास्त उतरलं, आणि वजनं उचलणारी मुलं पळणाऱ्यांच्या मागं राहिली नाहीत. तेव्हा मुलीला वजनं दिली तर ती पैलवान दिसेल, उंची खुंटेल, या भीतीत काही अर्थ नाही. शिकवणारा जाणता हवा आणि वजन हळूहळू वाढवायला हवं, इतकंच.

घरी सुरुवात करायला जिमची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून भिंतीवरचे दंड, दहा. दप्तरात पुस्तकं भरून ते दोन्ही हातांनी जमिनीवरून उचलायचं, पाठ सरळ ठेवून. हे सगळं दोनदा, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. एक काळजी घ्या, याला घरात कुणी ‘उठाबशा’ म्हणू नका. शाळेत उशीर झाला की उठाबशा, गृहपाठ नाही केला की ग्राउंडला फेरी, असं करून करून व्यायाम म्हणजे शिक्षा हे आपणच लेकरांच्या मनात बसवलंय.

बाकीच्या दिवशी चालणं. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर झाडांखाली चालता येईल, किंवा घराजवळ जिथं तिला ओळखीची पोरं भेटणार नाहीत तिथं. ऊन चढायच्या आत किंवा दिवेलागणीला. सुरुवात पंधरा मिनिटांनी. वेग किती? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते, पण तो आकडा आज तिला ऐकवू नका. तीच संघटना हेही सांगते की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, आणि थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यावं. पंधराची वीस व्हायला दोन आठवडे लागले तरी लागू द्या. तिला नाचायला आवडत असेल तर खोलीचं दार लावून अर्धा तास नाच हाही पूर्ण व्यायाम आहे. शाळेत लेझीमपथक असेल तर त्यात जरूर घाला. लेझमीत सगळ्यांचा ताल एक, सगळ्यांची ओळ एक, कुणी पहिलं नाही आणि कुणी शेवटचं नाही; दम मात्र चांगला निघतो.

तिला सोबत हवी. ती मैत्रीण, जिच्या घरी जाऊन बसली होती, तिच्यावर रागावू नका. ग्राउंड सोडून ती जिथं गेली ते घर तिला सुरक्षित वाटतं. त्या मैत्रिणीलाच विचारा, रोज संध्याकाळी हिच्याबरोबर चालशील का. किशोरवयीन मुलं व्यायामाला टिकतात ती पुष्कळदा सोबतीमुळे.

शिबिराच्या सरांशीही एकदा बोला, भांडायला म्हणून जाऊ नका. बहुतेक सर मनानं वाईट नसतात, त्यांना शिकवलेलंच तसं असतं. त्यांना सांगा : फेऱ्या मोजण्याऐवजी वेळ मोजा. बारा मिनिटं, ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं, पळा किंवा चाला, शिट्टी वाजली की सगळे एकदम थांबा. मैदान गोल असल्यानं कोण पुढं कोण मागं हे कळतच नाही, आणि कुणी एकटं उरत नाही. काटा मैदानावर आणू नका. आणि मुलांना दोन-तीन प्रकारांतून निवडू द्या. सर ऐकले आणि तिला स्वतःला परत जावंसं वाटलं तर जाऊ द्या. नाही वाटलं तर फीचा विषय त्या दिवशीच बंद करा. यजमानांना सांगा, की ते पैसे परत येणार नाहीत, पण ‘पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य रोज तिच्या कानावर पडलं तर व्यायाम या शब्दाशी तिचा अपराधीपणा कायमचा जोडला जाईल.

घरातही काटा कपाटावर टाका. नुसत्या व्यायामानं पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन फारसं हलत नाही; दर रविवारी काट्यावर उभं केलं तर दर रविवारी ती नापास होईल. पण आत पुष्कळ काही होत असतं. व्यायाम झाल्यावर पुढचा एक-दोन दिवस स्नायू साखर चांगली ओढून घेतात, इन्शुलिन जास्त चांगलं काम करतं, म्हणूनच नेमाला महत्त्व. झोप गाढ लागते, चिडचिड कमी होते, रक्तदाबाला फायदा होतो, आणि हे वजन कमी न होताही होतं. बघायचंच असेल तर हे बघा : दोन जिने चढल्यावर श्वास किती वेळात खाली बसतो, दप्तर किती जड पेलवतं. वजन आणि उंची डॉक्टर तीन महिन्यांनी बघतील.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे : तिचं ताट वेगळं करू नका. बिस्किटं, चिवडा, थंड पेयं घरात आणायची नाहीत तर कुणासाठीच आणायची नाहीत. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, ताक हे आपलं जेवण चांगलंच आहे. तिला उपाशी मात्र ठेवू नका. आणि लग्नकार्यात ‘कोणत्या चक्कीचं पीठ खातीस गं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिच्यासमोरच तुम्ही थांबवा. आई आपल्या बाजूनं बोलली, हे तिनं ऐकलं पाहिजे.

आता विचारायचं कसं. जेवणाच्या ताटावर नको, पप्पा आणि आजीसमोर तर नकोच. दोघी कुठं चालत असाल, भाजी आणायला निघाला असाल तेव्हा. समोरासमोर बसून विचारलं की मुलं गप्प होतात, शेजारी चालताना बोलतात. म्हणा, “तुला ग्राउंडवर परत पाठवणार नाही. फक्त मला सांग, तिथं तुला काय नको वाटायचं?” आणि मग गप्प राहा. रडली तर रडू द्या, लगेच समजूत घालू नका, उपाय सांगू नका. पहिल्या दिवशी काही बोललीच नाही तरी चालेल. तुम्ही विचारलंत हे तिला कळलंय.

दहावीचं वर्ष आहे, सकाळ-संध्याकाळ ट्यूशन असतील, आणि लोक म्हणतील यंदा ग्राउंड-बिऊंड बंद. लातूर पॅटर्नच्या आपल्या मुलखात हे फार ऐकू येतं. ऐकू नका, अर्धा तास चालल्यानं अभ्यास बुडत नाही, उलट डोकं ताजं होतं. खंड मात्र पडेल, हे आत्ताच धरून चाला. सहामाही परीक्षा येईल, घरात लग्न निघेल, पाळीत दोन दिवस नको वाटेल, कधी कुणी रस्त्यात काहीतरी बोलेल आणि आठवडाभर ती घराबाहेर पडणार नाही. कॅनडातल्या त्या अभ्यासातही, एवढी सोय आणि शिकवायला तज्ज्ञ असताना, बऱ्याच मुलांनी ठरलेली बरीच सत्रं चुकवली होती. अशा वेळी ‘झालं का बंद? मला माहीतच होतं’ असं कुणी म्हणायचं नाही. का गेली नाहीस तेही विचारू नका. तुम्ही स्वतः बूट घाला आणि तिला एवढंच म्हणा, “मी निघालेय, येतेस का?” ती नाही म्हणाली तर तुम्ही एकट्या जाऊन या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.